डब्यातली गाणी आणि हरवलेली नावे

१९९० साली न्यूयॉर्कच्या एरिक बी. आणि राकिम या हिप-हॉप जोडीचा तिसरा अल्बम आला, 'लेट द रिदम हिट एम'. वेष्टनावर निर्मितीचे श्रेय या दोघांनाच दिलेले आहे. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच ठेक्यांमागे आणखी दोघांचे हात होते. पहिला पॉल सी. क्वीन्समधल्या '१२१२' या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रणाचे काम करी. जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा वेगळा काढून त्याला नव्याने बोलायला लावण्यात त्याचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते. जुलै १९८९ मध्ये त्याच्या राहत्या घरी त्याचा खून झाला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता, आणि तो गुन्हा आजही उलगडलेला नाही. दुसरा त्याचा शिष्य, जो पुढे लार्ज प्रोफेसर या नावाने ओळखला गेला. तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. गुरूच्या माघारी अर्धे राहिलेले काम त्याने हाती घेतले. अल्बमवर निर्माता म्हणून दोघांपैकी कोणाचेच नाव लागले नाही.

पुढे लार्ज प्रोफेसरचे नाव झाले. १९९१ मध्ये त्याच्या मेन सोर्स या गटाचा 'ब्रेकिंग ॲटम्स' आला आणि १९९४ मध्ये नासच्या 'इलमॅटिक'मध्ये त्याच्या तीन बीट्स आल्या. मग त्याने स्वतःचा अल्बम केला. तो १९९६ च्या सुमारास तयार होता, पण गेफन कंपनीने तो बाजारात आणलाच नाही. अधिकृतपणे तो लोकांच्या हाती पडला २००९ मध्ये. म्हणजे एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. आधी गाणी आली पण नाव आले नाही, आणि नंतर नाव झाले तर गाणी डब्यात गेली.

हे पुस्तक या दोन गोष्टींचा एकत्र विचार करते. अप्रकाशित राहिलेली हिप-हॉप ध्वनिमुद्रणे हा एक विषय आणि कुठली बीट कोणी केली हा दुसरा, असे वरवर पाहता वाटेल. बरीच वर्षे मलाही तसेच वाटे. जसजसे ऐकत गेलो तसे लक्षात आले की ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत. श्रेयनामावली हा प्रकाशनाचा विधी आहे. कंपनी कागद करते, वकील सह्या घेतात, वेष्टन छापायला जाते, तेव्हा कुठे नावे ठरतात. जे गाणे तिथवर पोचत नाही त्याची नावे कोणी लिहून ठेवत नाही. आणि जे पोचते, त्याची नावे ज्याच्या हाती कागद असतो तो ठरवतो. म्हणून प्रकाशित गाण्याचे खरे कर्तृत्व शोधायचे तर अनेकदा अप्रकाशित टेपकडे जावे लागते. कागद होण्याआधी खोलीत कोण कोण होते, हे तिथेच ऐकू येते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत 'निर्माता' म्हटले की पैसा उभा करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हिप-हॉपमधला प्रोड्यूसर तसा नव्हे. गाण्यातून रॅपरचा आवाज वजा केला की जे उरते ते बहुतेक त्याचे काम: ड्रमचा ठेका, खालून चालणारा बेस, पुन्हा पुन्हा फिरून येणारा पियानोचा तुकडा, मध्येच कापून बसवलेली एखादी आरोळी. या सगळ्याला मिळून 'बीट' म्हणतात. आपला संगीतकार, संयोजक आणि तालवादक असे तिघे जणू एकाच खुर्चीत बसतात, आणि ही खुर्ची बहुधा झोपायच्या खोलीत किंवा तळघरात असते.

त्याचे वाद्य म्हणजे जुन्या रेकॉर्ड आणि एक यंत्र. १९८७ मध्ये आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० मध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. ती जागा पुरवून वापरायची म्हणून लोक ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून आवाज आत घेत आणि यंत्रात तो पुन्हा संथ करत. त्यातून आवाजाला जो खरखरीत, जाडसर पोत येई, तोच पुढे त्या काळाची ओळख ठरला. पुढच्या वर्षी रॉजर लिन यांनी घडवलेले अकाई कंपनीचे एमपीसी-६० आले आणि बोटांनी ठोकून वाजवायच्या चौकोनी पॅडची सवय लागली. केलेले काम फ्लॉपीवर जाई आणि तिथून टेपवर. फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीवर पेनने गाण्याचे कामचलाऊ नाव खरडलेले असे. ते कोणी केले हे लिहायची गरज कोणाला वाटेल? ज्याची फ्लॉपी त्याला ते ठाऊकच होते.

हिप-हॉपचा पहिला अध्याय तर सगळाच अप्रकाशित आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉंक्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, रेकॉर्ड लावल्या. नाचणारे ज्या तुकड्याची वाट पाहत असतात तो ड्रमचा तुकडा लांबवायचा, ही त्याची कल्पना. इथून १९७९ पर्यंत या संगीताची एकही रेकॉर्ड निघाली नाही. मागे उरल्या त्या कॅसेट. पार्टीत कोणी टेप चालू ठेवली, तिची प्रत निघाली, प्रतीची प्रत निघाली, खांद्यावरच्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर आणि टॅक्सीत ती वाजत राहिली. १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये कोल्ड क्रश ब्रदर्स आणि फॅन्टॅस्टिक फाइव्ह या गटांचा सामना झाला. त्याची कीर्ती पसरली ती अशाच कॅसेटमुळे. नवखा वाचक समजतो की अप्रकाशित गाणी म्हणजे मुख्य इतिहासाची तळटीप. इथे उलटे आहे. मुळात सगळे अप्रकाशित होते, छपाई मागाहून आली.

आणि छपाई आली तीच वाद घेऊन. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट'ने हे संगीत जगभर नेले. त्यातला ठेका शिक या गटाच्या 'गुड टाइम्स'वरून वादकांनी पुन्हा वाजवलेला होता. मूळ संगीतकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवला तेव्हा त्यांची नावे लागली. त्याच गाण्यात बिग बँक हँकने म्हटलेला मजकूर ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतला होता. कॅझ ब्रॉंक्सचा, कोल्ड क्रशचा मोठा कवी, पण त्याच्याकडे ना वकील होता ना करार. त्याचे नाव लागले नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे जे वारंवार घडणार होते, त्याचा नमुना या एका गाण्यात आहे. नोंद झालेल्या हक्काला श्रेय मिळते आणि तोंडी व्यवहाराला मिळत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर क्वीन्सब्रिजच्या मार्ली मार्लने जुन्या रेकॉर्डमधला एकेकटा ड्रमचा ठोका उचलून स्वतःच्या मनाप्रमाणे मांडायला सुरुवात केली आणि प्रोड्यूसर हा खऱ्या अर्थाने रचनाकार झाला. इथून घराणी पडत गेली. आपल्या वाचकाला हा शब्द पुरेसा सांगून जाईल, कारण इथेही तालीम होती, गुरूचे यंत्र आणि रेकॉर्डचा संग्रह शिष्याच्या हाती येणे होते आणि दुसऱ्याची जागा उचलण्याबद्दलचे संकेत होते. जोसेफ श्लॉस यांनी २००४ च्या 'मेकिंग बीट्स' या अभ्यासात या अलिखित नीतिनियमांचे तपशीलवार वर्णन केले आहे. श्रेयाचा प्रश्न मात्र प्रत्येक घराण्यात वेगळ्या रूपात उभा राहतो.

पब्लिक एनिमीचे ध्वनिविश्व उभारणारा बॉम्ब स्क्वॉड हा कारखाना होता. हँक आणि कीथ शॉक्ली, एरिक सॅडलर आणि कार्ल रायडर या टोपणनावाखाली खुद्द चक डी, असे चौघे एकमेकांवर आवाजाचे थर चढवत. त्यातला कुठला थर कोणाचा, हे विचारण्यात अर्थ नव्हता आणि म्हणूनच नाव सामूहिक राहिले. न्यूयॉर्कच्याच डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, डायमंड डी, बकवाइल्ड या मंडळींचे काम एकेकट्याचे. दुकानांच्या तळघरांत धूळ खात पडलेल्या रेकॉर्ड धुंडाळायच्या आणि सापडलेला तुकडा बारीक कापून नव्याने जुळवायचा. यांच्यात वाद होतो तो सापडण्यावरून. एकाने तुकडा दाखवला आणि दुसऱ्याने त्यावर बीट केली, तर श्रेय कोणाचे? नोटोरियस बी.आय.जी.च्या १९९४ च्या 'जूसी'ची मूळ कल्पना आपली होती, असे पीट रॉकने अनेकदा सांगितले आहे. अल्बमवर आले ते दुसऱ्यांचे नाव, आणि त्याच्या नावावर राहिले ते त्या गाण्याचे रीमिक्स.

पश्चिम किनाऱ्यावर डॉ. ड्रेने १९९२ च्या 'द क्रॉनिक'पासून तुकडा कापण्याऐवजी वादकांकडून तो पुन्हा वाजवून घेण्यावर भर दिला. तिथे प्रोड्यूसर दिग्दर्शकासारखा असतो. बेस कोणी वाजवला, ड्रम कोणी बसवला आणि 'आता हे थांबवा, हेच पाहिजे' असे कोणी म्हटले, यांतले कोणते काम निर्मितीचे, हा तिथला पेच आहे. दक्षिणेत प्रश्न वेगळा आहे. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू गाणी संथ करून कॅसेटवर भरे आणि घरून विके. २००० मध्ये तो गेला. त्याच्या रेकॉर्डचा संग्रह आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेला आहे. मेम्फिसच्या कॅसेटही अशाच हातोहात पसरल्या. या टेपना 'अप्रकाशित' म्हणायचे की नाही, इथूनच चर्चा सुरू होते. कंपनीने काढली नाही म्हणून प्रकाशित नाही, असे म्हणणे म्हणजे कंपनीचीच व्याख्या मान्य करणे.

डेट्रॉइटचे नाव घ्यायचे ते जे डिलासाठी. जेम्स यान्सी हे त्याचे खरे नाव. तालाच्या चौकटीपासून किंचित मागे-पुढे रेंगाळणारा त्याचा ड्रम आज जगभर शिकवला जातो. क्यू-टिप आणि अली शहीद मुहम्मद यांच्याबरोबर तो 'द उम्मा' या एकत्रित नावाने काम करी. सामूहिक नाव घेतले की कोणाचे किती, हे बाहेरच्याला कळत नाही, आणि ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाच्या १९९६ च्या अल्बमपासून ही चर्चा चालू आहे. जॅनेट जॅक्सनचे १९९७ चे 'गॉट टिल इट्स गॉन' हे गाणे जिमी जॅम आणि टेरी लुईस यांच्या नावावर आहे. ते आपण केले, असे डिला म्हणत राहिला आणि जॅम-लुईस ते नाकारत राहिले. त्याच गाण्याच्या उम्माने केलेल्या रीमिक्सला 'जे डीज रिव्हेंज मिक्स' हे नाव पडले; जे डी म्हणजे डिलाच. १० फेब्रुवारी २००६ रोजी, बत्तिसावा वाढदिवस आणि 'डोनट्स' अल्बमचे प्रकाशन या दोन्हींनंतर तीन दिवसांनी, तो गेला. एमसीए कंपनीसाठी केलेला आणि तिथे अडकून पडलेला त्याचा गायनाचा अल्बम 'द डायरी' २०१६ मध्ये आला. बीट करणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याने त्या अल्बमवर बऱ्याच ठिकाणी इतरांच्या बीट्स मागून घेतल्या होत्या. दुसऱ्याच्या कामाचा आदर कसा करावा याचा तो पाठ आहे, असे मी मानतो.

गाणी डब्यात का जातात? पैसा हे पहिले उत्तर. पहिले सिंगल चालले नाही, कंपनीतला ज्याने करार केला तो माणूस नोकरी सोडून गेला, किंवा कंपनीच दुसरीने विकत घेतली, की अल्बम मागे पडतो. पीट रॉकने आपल्या धाकट्या भावाच्या 'आय.एन.आय.' या गटासाठी केलेला 'सेंटर ऑफ अटेन्शन' असाच अडकला आणि २००३ मध्ये बाहेर आला. मधल्या काळात तो नकली प्रतींतून इतका ऐकला गेला की अनेकांना तो अप्रकाशित आहे हेच माहीत नव्हते. दुसरे उत्तर भीती. के.एम.डी. या गटातल्या दोन भावांपैकी सबरॉक १९९३ मध्ये मोटारीच्या धडकेने गेला. उरलेल्या भावाने, झेव्ह लव्ह एक्सने, 'ब्लॅक बास्टर्ड्स' अल्बम पुरा केला. पण मुखपृष्ठावरचे फासावर लटकवलेल्या सांबोचे, म्हणजे कृष्णवर्णीयांची खिल्ली उडवणाऱ्या जुन्या व्यंगपात्राचे, चित्र वादात सापडले आणि इलेक्ट्रा कंपनीने १९९४ मध्ये अल्बमही सोडला आणि गटालाही. काही वर्षांनी हाच भाऊ तोंडावर मुखवटा चढवून एम.एफ. डूम म्हणून परतला. सबरॉकच्या हातचे काम पुढे त्या अल्बमच्या अधिकृत प्रकाशनामुळे जगले. तो डब्यातच राहता, तर एका मृत मुलाची कला त्याच्या भावाच्या आठवणीपुरती उरली असती.

तिसरे उत्तर कायदा. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसा लागू लागला. महागड्या तुकड्यांवर उभी असलेली गाणी बाजूला पडली आणि काय कुठून घेतले हे सांगणे धोक्याचे झाले. श्रेयाच्या इतिहासावर या निकालाचा दुहेरी परिणाम झाला. मूळ वादकाला न्याय मिळण्याची वाट उघडली ही गोष्ट चांगलीच. पण बीट करणाऱ्याने मौन पाळायला सुरुवात केली. चौथे उत्तर निव्वळ दुर्दैव. नव्वदच्या दशकात वू-टँग क्लॅनच्या रिझाच्या तळघरात पाणी शिरले आणि बीट्सचा साठा वाहून गेला. त्याच गटातल्या इन्स्पेक्टा डेकच्या अल्बमसाठी राखलेले कामही त्यात गेले. त्या बीट्सना आता फक्त आठवण आहे, आवाज नाही.

मृत्यूनंतर तर डबे उघडले जातात, पण आतले बदलून. सप्टेंबर १९९६ मध्ये टूपाक शकुर गेला आणि मागे ध्वनिमुद्रित आवाजाचा मोठा साठा राहिला. त्यानंतर निघालेल्या अल्बमांत अनेक ठिकाणी त्याचा आवाज जुन्या बीटवरून उचलून नव्या बीटवर बसवला गेला. २००४ चा 'लॉयल टू द गेम' जवळजवळ संपूर्ण एमिनेमने नव्याने रचला. ज्याच्या बीटवर तो मुळात गायला, त्याचे नाव त्या अधिकृत गाण्यातून साहजिकच गेले. मूळ पाठ नकली प्रतींतून ऐकायला मिळतो. त्यात गायक आणि ठेका एकमेकांशी बोलत असतात, आणि आपण अधिकृत म्हणून ऐकत आलेले गाणे नंतरच्या हाताचे आहे हे लक्षात येते.

पाठभेद आणि क्षेपक या आपल्याच परंपरेतल्या कल्पना इथे मला फार कामी आल्या. तुकोबांच्या गाथेत कुठले अभंग त्यांचे आणि कुठले मागाहून मिसळले, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचार झाला आहे. बंदिशीत 'सदारंग' ही नाममुद्रा आली म्हणजे ती त्यांचीच असे समजायचे नसते, हे ख्यालाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. हिप-हॉपमध्येही प्रोड्यूसर गाण्याच्या सुरुवातीला आपल्या नावाची हाक ठेवतो. ती त्याची नाममुद्रा. ती बनावट असू शकते, राहून जाऊ शकते, आणि मोठ्या नावाभोवती क्षेपकांची गर्दी होते. डिलाच्या शैलीचे अनुकरण करणारे इतके झाले की निव्वळ ड्रम रेंगाळतो म्हणून एखादी अनामिक बीट त्याच्या नावावर चढवणे हा भाबडेपणा ठरेल.

मग पुरावा कशाला म्हणायचे? कागद सर्वांत वरचा: टेपच्या डब्यावरची नोंद, स्टुडिओतला ट्रॅकचा तक्ता, करार, धनादेश. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंद उपयोगी आहे, पण तिच्यात गीत-संगीताचे हक्कदार असतात. बीट कोणाच्या बोटांनी ठोकली हे ती सांगत नाही, आणि ही गफलत भलेभले करतात. त्याखाली यंत्रातल्या फ्लॉपी. गाण्याचे सुटे भाग जिच्यात आहेत ती फ्लॉपी ज्याच्याकडे निघाली, त्याचा दावा भक्कम. त्याखाली रेडिओ. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर १९९० पासून १९९८ पर्यंत चाललेल्या स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबीटो यांच्या कार्यक्रमात करार न झालेली कितीतरी पोरे येऊन गेली. श्रोत्यांनी घरी भरलेल्या त्या कॅसेटमुळे अमुक गाणे अमुक रात्रीपूर्वी तयार होते एवढे तरी सांगता येते. त्याखाली माणसांची आठवण. ती जिवंत असते आणि तपशील देते, पण तीस वर्षांनी ती स्वतःच्या बाजूने झुकते. सर्वांत खाली आपला कान. अमुक स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, अमुकच वापरतो, असे ज्याला त्याला वाटते. पण हे लोक एकमेकांना रेकॉर्ड देत, ड्रम देत, यंत्रही देत. एकच स्नेअर चार घरांत नांदत असे.

हे सगळे आज का महत्त्वाचे? पहिले कारण साधे आहे. त्या पिढीचे लोक आता साठीच्या आसपास आहेत, काही गेले, आणि चुंबकीय फीत त्यांच्यापेक्षाही लवकर म्हातारी होते. डी ला सोलचे सुरुवातीचे अल्बम हक्कांच्या गुंत्यामुळे स्ट्रीमिंगवर नव्हते. ते आले मार्च २०२३ मध्ये, आणि गटातला ट्रूगॉय त्याच्या काही आठवडे आधी वारला. दुसरे कारण, टंचाई हाच आता माल झाला आहे. वू-टँगच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन'ची एकच प्रत काढली गेली. २०१५ मध्ये ती २० लाख डॉलरना विकली गेल्याचे जाहीर झाले, पुढे सरकारने ती जप्त केली आणि २०२१ मध्ये विकली. तिसरे कारण, चोरीचा वेग. २०१९ मध्ये प्लेबॉय कार्टी आणि यंग नूडी यांचे, प्येर बॉर्नने केलेले एक अप्रकाशित गाणे फुटले. माई यामाने या जपानी गायिकेच्या तुकड्याची परवानगी न मिळाल्याने ते बाहेर येऊ शकत नव्हते. कोणा भलत्यानेच खोट्या नावाने ते स्पॉटिफायवर चढवले आणि ते तिथल्या अमेरिकी व्हायरल यादीत पहिले आले. करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्यावर नव्हते. आणि चौथे कारण, २०२३ च्या एप्रिलमध्ये ड्रेक आणि द वीकेंड यांच्या आवाजांची संगणकाने केलेली नक्कल लाखोंनी ऐकली. उद्या 'सापडलेली जुनी टेप' म्हणून जे समोर येईल, ते कधी ध्वनिमुद्रित झालेलेच नसेल. पारखण्याची पद्धत आजच पक्की करायला हवी ती यासाठी.

हा विषय मराठीत का, असे विचारले जाईल. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' गाजले. डीजे क्विकने केलेल्या त्या बीटमध्ये लता मंगेशकरांचा आवाज होता, १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातल्या बप्पी लाहिरींच्या गाण्यातला. श्रेयात लाहिरींचे नाव नव्हते. नाव घातल्याशिवाय अल्बम विकू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये दिला. ज्या आवाजावर आपण वाढलो तोच या वादाच्या मध्यभागी होता, आणि तेव्हा आपल्याला राग आला तो रास्त होता. पण तोच राग आपल्या घरातही वळवायला हवा. हिंदी चित्रसंगीताचा वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांसारखे गोव्याचे संयोजक दशकानुदशके पडद्यावरच्या नावांबाहेर राहिले. आजचा मुंबई-पुण्यातला, अमरावतीतला रॅपर यूट्यूबवरून बीट भाड्याने घेतो आणि गाणे चढवताना करणाऱ्याचे नाव लिहायचे विसरतो. २०१५ च्या 'मेरे गल्ली में'ने डिव्हाइन आणि नेझी घराघरांत पोचले. ती बीट सेझ ऑन द बीटची, हे किती जणांना चटकन आठवते?

या पुस्तकातले लेख या मोठ्या प्रदेशातून काही वाटा काढतात. काही लेख एखाद्या डब्यात राहिलेल्या अल्बमचा प्रवास सांगतात, काही एखाद्या प्रोड्यूसरचे न नोंदलेले काम जुळवतात, काही यंत्रांची आणि स्टुडिओंची माहिती देतात. सगळी गाणी आणि सगळी नावे इथे सापडतील असा दावा नाही. एक शिस्त मात्र सर्वत्र पाळली आहे. बीट अमक्याची, असे जिथे लिहिले आहे तिथे ते कागदावरून, संबंधिताच्या सांगण्यावरून, की कानावरून, हे लगेच सांगितले आहे. दोन दावे परस्परविरुद्ध असतील तर दोन्ही दिले आहेत आणि त्यातला एक निवडायचा मोह आवरला आहे. शिवाय डब्यात राहिलेले आणि चोरून फोडलेले यांत फरक केला आहे. करणारा जिवंत आहे आणि गाणे बाहेर यावे अशी त्याची इच्छा नाही, अशा ध्वनिमुद्रणांबद्दल इथे लिहिलेले नाही. श्रेयासाठी भांडणाऱ्या पुस्तकाने करणाऱ्याचा नकार मानला नाही, तर भांडणाला अर्थ उरणार नाही.

वाचकाने एकच करावे. प्रत्येक लेखानंतर त्यातले गाणे ऐकावे, पहिल्यांदा शब्दांसाठी आणि दुसऱ्यांदा शब्द बाजूला ठेवून. दुसऱ्या वेळी जो माणूस ऐकू येतो, त्याच्यासाठी हे सगळे लिहिले आहे.

लार्ज प्रोफेसरने पुढे आपल्या निर्मितीसंस्थेला गुरूचेच नाव दिले, 'पॉल सी प्रॉडक्शन्स'. उच्चार तोच ठेवून इंग्रजीत लिहिताना 'सी'चे स्पेलिंग तेवढे समुद्राचे केले. डब्यात पडून राहिलेला त्याचा अल्बम अखेर आला तो याच नावाखाली. १९९० च्या वेष्टनावर जे नाव निर्माता म्हणून यायला हवे होते, ते एकोणीस वर्षांनी शिष्याच्या वेष्टनावर छापले गेले.